धीर, दिलासा की सांत्वन? खचलेल्या मैत्रिणीसाठी शब्द हवा आहे

प्रवराकाठ : जय ख्रिस्त. एका शब्दापाशी अडले आहे. माझ्या मैत्रिणीचं डायलिसिस सुरू होऊन वर्ष झालं. आठवड्यातून 3 वेळा, दर वेळी 4 तास. परवा तिला लिहिलं, ‘धीर धर, प्रभू आहे.’ उत्तर आलं, ‘कशाने धरू? या हाताने पिशवीसुद्धा उचलायची नाही.’ तिच्या डाव्या हातात फिस्टुला आहे, म्हणजे डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेली धमनी आणि शीर. वरून बोट ठेवलं की आत मांजर घुरघुरतंय असं वाटतं. त्या दिवसापासून मी लिहिते आणि पुसते.

पवित्र शास्त्र म्हणतं, एकमेकांचे सांत्वन करा. पण सांत्वनाला आपण कोणी गेल्यावर जातो. ‘प्रोत्साहन’ म्हटलं की बक्षीस समारंभ डोळ्यांपुढे येतो. जिवंत, दमलेल्या माणसाला जे द्यायचं त्याला मराठीत काय म्हणायचं?

ग्रीकचा विद्यार्थी : ताई, ‘सांत्वन करा’चं मूळ ग्रीक क्रियापद ‘पाराकालेओ’. ‘पारा’ म्हणजे जवळ, ‘कालेओ’ म्हणजे हाक मारणे. प्रेषित पौलाच्या थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात ते 4:18 ला, म्हणजे चौथ्या अध्यायाच्या अठराव्या वचनात आहे. तिथे विषय मेलेल्यांचा, म्हणून ‘सांत्वन’ बरोबर बसतं. 5:11 ला तेच क्रियापद आहे, पण तिथे पौल जागे राहायला सांगतोय. मराठीत तिथेही सांत्वनच आलं आणि तुम्हाला खटकलं ते इथेच.

याच धातूपासून पौलाचा सोबती बर्णबा याच्या नावाचा अर्थ सांगितला आहे. प्रेषितांची कृत्ये 4:36 मध्ये तो ‘बोधपुत्र’ आहे. आणि योहान 14:16 मध्ये पवित्र आत्म्यासाठी आपल्याकडे शब्द आहे ‘कैवारी’. सांत्वन, बोध, कैवार ही तिन्ही एकाच घरची. मला कैवार सगळ्यात जवळचा वाटतो. कैवार घेणारा समोर बसून चार गोष्टी सांगत नाही, तो उठून आपल्या बाजूला येतो.

आता ‘धीर धर’. यात सगळं काम ऐकणाऱ्याच्या गळ्यात पडतं. ‘धीर देणे’मध्ये ते बोलणाऱ्याकडे येतं. थेस्सलनीकाकरांच्या त्याच पत्रात 5:14 मध्ये अल्पधीराच्या लोकांना धीर द्या असंच आहे, धीर धरायला सांगा असं नाही. ‘अल्पधीर’साठी मूळ शब्द ‘ओलिगोप्सुखोस’, म्हणजे ज्याचा जीव लहान झाला आहे तो. आपण म्हणतोच की, जीव एवढासा झाला.

वसईकर : ‘दिलासा’ही विचारात घ्या. फारसीतून आलेला शब्द, दिल म्हणजे मन आणि पुढे विसाव्याचा अर्थ. वर्तमानपत्रांनी तो कर्जमाफीला आणि पावसाला वापरून झिजवला, पण घरात अजून चालतो.

मला मात्र एका वाक्याबद्दल कळकळीने सांगायचं आहे : ‘देव झेपेल तेवढंच दुःख देतो.’ माझा भाऊ आजारी होता तेव्हा हे इतक्यांदा ऐकलं की शेवटी आईने दार लावून घेतलं. लोक आधाराला पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातलं 10:13 देतात : सोसवेल त्यापलीकडे देव तुमची परीक्षा होऊ देणार नाही. तिथला शब्द ‘परीक्षा’ आहे आणि आपण त्याचा अर्थ संकट असा लावतो. मागची वचनं वाचा : मूर्तिपूजा, जारकर्म, कुरकुर. म्हणजे तिथे मोहाची गोष्ट चालली आहे, मूत्रपिंडाची नाही. उलट करिंथकरांस दुसऱ्या पत्रात 1:8 मध्ये पौल स्वतःबद्दल लिहितो की आशियात आमच्यावर शक्तीपलीकडे भार आला, जगण्याचीही आशा उरली नव्हती. प्रेषिताला झेपलं नाही आणि त्याने ते मंडळीपासून लपवलं नाही. तुमच्या मैत्रिणीला हे वचन आधी दाखवा.

प्रवराकाठ : हे माहीत असतं तर मी तसं लिहिलंच नसतं. पण दादा, ‘तुला झेपत नाही, मला दिसतंय’ असं म्हटलं तर ती अजून खचणार नाही का?

ग्रीकचा विद्यार्थी : मला नाही वाटत. झेपत नाही हे तिला तुमच्याआधी ठाऊक आहे. तुम्ही ते मान्य केलंत की निदान तुमच्यापुढे तरी तिला हसरा चेहरा ठेवावा लागणार नाही. पवित्र शास्त्रातला इयोब, ज्याचं सगळं गेलं आणि अंगही फोडांनी भरलं, त्याचे तिघे मित्र 7 दिवस 7 रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर त्यांचं बरोबर होतं. बिघडलं ते समजूत काढायला लागल्यावर. ‘समजूत काढणे’ हे रुसलेल्या पोरासाठी आहे, आजारी माणसाला त्याचा राग येतो.

वसईकर : शब्द ‘सोबत’ घ्या. बाळंतिणीला सोबत, रात्री दवाखान्यात सोबत. कुणी बोलायची अपेक्षा करत नाही.

प्रवराकाठ : काल तिला लिहिलं : ‘धीर धर म्हणाले, चुकलं माझं. हे कधी संपेल मला माहीत नाही. तुझ्यासाठी प्रार्थना करते, पण कधी कधी प्रार्थनेत मलाही शब्द सापडत नाहीत. शनिवारी सोबतीला येऊ?’ रात्री अकराला उत्तर आलं, ‘सहाची पाळी आहे. स्वेटर आण, आत एसी फार असतो.’