कुत्र्या-मांजरावर जीव लावला की आयुष्याचं समाधान वाढतं का?

पेठेतली मनी
आई गेल्यावर बाबा सात-आठ महिने नुसते खिडकीत बसून असायचे. जेवायला हाक मारली की 'नंतर' म्हणायचे. मग पावसाळ्यात जिन्याखाली एक भिजलेलं गावठी पिल्लू सापडलं, ते आमचं मोती. आता बाबा पहाटे साडेपाचला पट्टा घेऊन बाहेर पडतात, बागेत चार माणसांशी बोलून येतात. मी पोळ्या करायला घेतल्या की म्हणतात, "मोतीची बिनतेलाची आधी काढ."

माझं मत ठाम आहे, समाधान वाढतंच. अमेरिकेत 1980 साली हृदयविकाराच्या 92 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. घरी प्राणी असलेल्या 53 जणांपैकी वर्षभरात 3 दगावले, प्राणी नसलेल्या 39 पैकी 11.

रात्रपाळी
ताई, बाबांचं वाचून बरं वाटलं. पण त्या आकड्यांवर एवढी भिस्त ठेवू नका. 92 म्हणजे फार थोडी माणसं. 2010 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या हृदयरुग्णांचाच अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात निकाल उलटा लागला. 2017 मध्ये कॅलिफोर्नियातल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्राणी असलेल्या घरांतली मुलं आधी जास्त निरोगी दिसली, पण घरची मिळकत, स्वतःचं घर वगैरे हिशेबात धरल्यावर फरक जवळजवळ उरलाच नाही. म्हणजे ज्यांचं बरं चाललंय तेच प्राणी पाळतात, असंही असू शकतं.

मी भाड्याच्या एका खोलीत लॅब्राडोर आणला होता. माझी बारा तासांची पाळी. तो दाराशी रडायचा, शेजारी तक्रार करायचे, घरमालकाचा रोज फोन. दीड वर्षाने त्याला गावी काकांकडे सोडलं. एसटी सुटली तेव्हा तो बांधलेल्या दोरीला ओढ देत उभा होता. जीव कमी लावला नव्हता हो. जीव लावला म्हणूनच आजही झोप उडते.

कोरडवाहू
तुम्ही दोघंही शहरातलं बोलताय. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळतो आणि म्हणतो, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." ते चोळताना जू घासून पडलेला घट्टा हाताला लागतो. त्याने आपल्यासाठी काय ओढलं ते तिथं कळतं. 2019 च्या दुष्काळात माझे वडील जनावरांबरोबर चारा छावणीत राहिले, पालाखाली, भर उन्हात. समाधान वाटलं का म्हणून विचारलं असतं तर उठून गेले असते. पण घरी या म्हटलं तर येत नव्हते. आपल्या दावणीचं जनावर सोडून माणूस जातो कुठं? यात फायदा-तोटा मोजायचाच नसतो.

रात्रपाळी
दादा, मोजायचं नाही म्हटलं की माझ्यासारखे विचार न करता पिल्लू घरी आणतात, आणि भोगतो तो मुका जीव. 'कुत्रा आणा, एकटेपणा जाईल' हा सल्ला मलाही एकाने दिला होता. घरी वेळ किती, जागा किती, हे त्याने विचारलंच नाही.

पेठेतली मनी
तुमचं हे म्हणणं मला पटलं. बाबांकडे दिवस मोकळा आहे आणि घर स्वतःचं आहे, हे मी धरलंच नव्हतं.

समाधान मोजायची 1985 सालची एक प्रश्नावली आहे. पाच विधानं, प्रत्येकाला 1 ते 7 गुण, म्हणजे जास्तीत जास्त 35. काल रात्री ती बाबांना वाचून दाखवली. पुन्हा जगायला मिळालं तर फारसं काही बदलणार नाही, अशा अर्थाचं शेवटचं विधान आहे. बाबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुझ्या आईला महिनाभर आधी दवाखान्यात नेलं असतं." आणि 1 गुण दिला. बेरीज 14 झाली.

मोती त्यांच्या पायावर हनुवटी टेकून झोपलं होतं. ते जागं होईल म्हणून बाबा पाणी प्यायलाही उठले नाहीत, मलाच आणायला सांगितलं. आज पहाटे साडेपाचला दाराची कडी वाजली.