सोलापुरात घर 'उबदार' करावं का?

चौपाडची सून: ओळखीतल्या एका चादर-टॉवेलवाल्यांचं माहितीपत्रक मराठीत करतेय. मूळ इंग्रजीत दर चार ओळींनी 'कोझी' आणि 'होमी'. मी सरळ लिहिलं, 'आमच्या चादरींनी घर उबदार करा'. सासऱ्यांनी चष्म्यावरून बघितलं. "बाहेर ४३ आहे. अजून किती उबदार करतेस?" माझं माहेर नाशिकचं, तिथं हा शब्द कुणाला खटकला नसता. दुसरा सुचवा. उद्या संध्याकाळी छापायला जायचंय.

शब्दनिष्ठ: सुखोष्ण. नेमका आणि शुद्ध.

कटिंग चहा: सुखोष्ण म्हणजे कोमट हो. अंघोळीच्या पाण्याला ठीक आहे, घर कोमट कसं करायचं? कोझीच लिहा की. टॉवेलला अंगपुसणं म्हणत नाही, मग कोझीनंच काय घोडं मारलंय?

शब्दनिष्ठ: तो तरी परका कशावरून? संस्कृतात 'कोष्ण' म्हणजे किंचित उष्ण. कोष्ण, कोझ, कोझी.

कटिंग चहा: आवाज जुळला म्हणून सोयरीक होत नसते. इंग्रजीत तो १८व्या शतकात स्कॉटलंडकडून आला. त्याच्या मागचं मूळ त्यांच्या कोशकारांनाही पक्कं लागलेलं नाही, तुम्हाला एका ओळीत लागलं!

जुनं माळवद: ताई, सासरे बरोबर आहेत. ऊब आली 'ऊष्मन्'वरून, पण आमच्या स्वयंपाकघरात ती कौतुकाची नव्हती. आई गरम भाकरी कधी भाकरीवर टाकायची नाही. टोपल्याच्या कडेला उभी लावायची, वाफ गेली की मग चळत. नाहीतर भाकरी उबते, मधे ओलसर होते, दुपारपर्यंत उबट वास. आपली कडक भाकरी महिनाभर टिकते ती त्यातली ऊब पार काढून टाकलेली असते म्हणूनच.

आणि घराचं म्हणाल, तर आमचं माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं होतं. हात-दीड हात जाडीच्या भिंती, तुळयांवर पाटण, वर पांढऱ्या मातीचा थर. मे महिन्यात बाराला उन्हातून आत आलं की डोळ्यापुढं अंधार आणि पायाखाली सारवलेली गार जमीन. छताच्या साण्यातून, म्हणजे उजेडासाठी ठेवलेल्या भोकातून, उन्हाचा एक कवडसा पडायचा, ताटाएवढा. तो उखळापाशी पोचला की आजी म्हणायची, उठा, चहा टाका. त्या घरात शिरल्यावर तोंडातून एकच यायचं, 'जीव गार झाला'. तुमचं कोझी ते हे. पत्रकात 'गारवा' लिहा.

यंत्रमाग: अगदी. आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू. पाया पडलं की आजी म्हणायची, "चल्लगा उंडु", गार राहा. म्हणजे सुखात राहा. गारठून जा असं नव्हे. 🙂

गड्डा फॅन: शेजारच्या कन्नड मावशींना जेवायला वाढलं की "निन्न होट्टे तण्णगिरली", तुझं पोट गार राहो. तीन भाषा, उकाडा एकच.

पण चादर गारव्यासाठी विकता येईल का? जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेला रात्री होम मैदानावर उभं राहून बघा, दात वाजतात. तेव्हा ऊबच लागते. आणि 'मायेची ऊब' म्हणताना भाकरी आठवते होय कुणाला?

यंत्रमाग: चादर उन्हाळ्यातही लागते की. लहानपणी गच्चीवर झोपायचो. चादर बादलीत बुचकळून, पिळून अंगावर घ्यायची. सुती असते, जाड असते, पहाटेपर्यंत ओल धरते. सोलापुरी चादरीच्या भौगोलिक मानांकनाच्या कागदात हा उपयोग लिहिलाय का बघायला पाहिजे.

शब्दनिष्ठ: मग 'निवांत' घ्या. मूळ 'निवात', जिथं वारा नाही ते. गीतेच्या ६व्या अध्यायातला निवातस्थ दिवा आठवा.

जुनं माळवद: वारा नाही? सोलापुरात? मे महिन्यात? ते निवांत नव्हे, लाइट गेलेली असते. त्यापेक्षा 'निवणे' बघा. निर्वाणाच्याच मुळातला, थंड होणं. 'जीव निवाला', 'डोळे निवाले'. निवणारं घर!

कटिंग चहा: निवलेला चहा कुणी पीत नाही.

चौपाडची सून: गारवा मनापासून आवडला. पण 'होमी' राहिलंच. 'घरगुती' लिहिलं तर खानावळीची पाटी वाटते.

गड्डा फॅन: घरगुती गॅस, घरगुती भांडणं. नकोच. 'घरपण' लिहा.

शब्दनिष्ठ: घरपण चादरीनं येत नाही. ती जाहिरातीची भाषा झाली.

कटिंग चहा: अहो, जाहिरातच आहे ती!

यंत्रमाग: माळवदवाले काका, ते साणं की सवणं? आमच्या वाड्यातले भाडेकरू सवणं म्हणायचे.

जुनं माळवद: साणं. बार्शीकडची माणसं काय म्हणतात विचारलं पाहिजे.

गड्डा फॅन: आम्ही बार्शीचे. झरोका म्हणतो.

जुनं माळवद: झरोका भिंतीत असतो, साहेब.

चौपाडची सून: आत्ता सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते म्हणतात गारवा ठीक आहे, पण पत्रक हिवाळ्याच्या मालाचं आहे हे तू कुणाला सांगितलंसच नाहीस. मग परत उबदार करू का?

यंत्रमाग: थांबा ताई, आधी सासऱ्यांना विचारा, साणं की सवणं?