भूतानची रोजची आकारणी: शुल्क, कर की पट्टी?

प्रश्न: भूतानमध्ये भारतीय पर्यटकाला रात्रीमागे माणशी १२०० रुपये भरावे लागतात, इतर बहुतेक परदेशी प्रौढांना १०० डॉलर. याला कोणी 'प्रवेशशुल्क' म्हणतो, कोणी 'पर्यटन कर', तर कोणी 'शाश्वत विकास शुल्क'. बरोबर काय?

उत्तर: 'प्रवेशशुल्क' आधी बाद करा. ते दारात एकदा भरले की संपते. हे मुक्काम वाढेल तसे वाढते. शिवाय पारोच्या तक्तसांग मठात प्रवेशशुल्क निराळे द्यावेच लागते.

शुल्क म्हणजे ठरावीक सेवेचा मोबदला: परीक्षा शुल्क, नोंदणी शुल्क. कराच्या बदल्यात असे हातोहात काही मिळत नाही. भूतानच्या या रकमेत हॉटेल नाही, जेवण नाही, गाडी नाही. ती तिथल्या मोफत शिक्षणाला, आरोग्यसेवेला आणि जंगलांच्या जपणुकीला जाते. म्हणजे अर्थाने हा करच. या रकमेत राहणे-खाणे येते, या गैरसमजाचे मूळ जुन्या पद्धतीत आहे. पूर्वी भारतीय सोडून इतर बहुतेक परदेशी पर्यटकांना दिवसाला किमान २०० ते २५० डॉलरचे पॅकेज घ्यावे लागे. त्यात राहणे-खाणे धरलेले असे आणि ही आकारणी ६५ डॉलर होती. सप्टेंबर २०२२ मध्ये पॅकेजची सक्ती गेली, आकारणी २०० डॉलर झाली, पुढच्या वर्षी निम्म्यावर आली. जुना हिशेब मात्र अजून लोकांच्या डोक्यातून गेलेला नाही.

दुसरे मत: अर्थ पटतो, तरी अधिकृत नाव बदलू नये. तिथल्या सरकारने 'शाश्वत विकास शुल्क' म्हटले आहे, तर नावात शुल्कच राहू दे. मला जास्त खटकते ते 'उच्च मूल्य, अल्प संख्या' हे त्यांच्या पर्यटन धोरणाचे भाषांतर. 'उच्च मूल्य' वाचून 'महागडे' एवढेच कळते. एकेका पाहुण्यामुळे देशाचा किती फायदा होतो, हा त्यातला खरा मुद्दा. 'मोजके पाहुणे, भरीव लाभ' का म्हणू नये? ज्या देशाने किमान ६० टक्के भूमी वनाखाली ठेवण्याचे बंधन थेट राज्यघटनेत घातले, त्याचे धोरण नुसते महाग म्हणून सांगणे अन्यायाचे आहे.

पुन्हा उत्तर: मान्य. नाव तेच ठेवू, पण समजावून सांगताना मी 'मुक्कामपट्टी' सुचवेन. घरपट्टी, पाणीपट्टी आपल्या ओळखीच्या आहेत. सार्वजनिक कामासाठीची वसुली हा अर्थ 'पट्टी'त आयताच येतो. वापर असा: 'चार रात्री राहायचे तर माणशी ४८०० रुपये मुक्कामपट्टी पडेल, हॉटेल, गाडी आणि वाटाड्याचा खर्च वेगळा.'