शाळेत धर्म शिकवावा का? मुलीच्या शाळेतल्या एका तासावरून पडलेला प्रश्न

अंत्रुजचो_पालक

नमस्कार मंडळी. मुलगी सहावीत आहे, शाळा चर्चच्या संस्थेची, सरकारी अनुदान असलेली. आधीच सांगतो, शाळेबद्दल तक्रार नाही, शिकवतात छान आणि सिस्टर लोक मुलांना जीव लावतात. पण आठवड्यातून एका तासाला वर्ग दोन ठिकाणी बसतो. ख्रिश्चन मुलं कॅटेकिझमला जातात (चर्चचं धर्मशिक्षण, आमच्याकडे दोतोर्न म्हणतात ते) आणि बाकीची सगळी, हिंदू असो मुसलमान असो, व्हॅल्यू एज्युकेशनला. तिथे खरं बोलावं, पाणी वाचवावं, मोठ्यांचा मान ठेवावा एवढंच. मुलीची जिवाभावाची मैत्रीण अख्खा दिवस तिच्या बाजूला बसते, डबा एकत्र खातात, आणि नेमक्या त्या तासाला ती वेगळ्या खोलीत. ती तिथे काय शिकते हे माझ्या मुलीला माहीत नाही, आणि आम्ही देवळात जाऊन काय करतो हे त्या मैत्रिणीला माहीत नाही.

बायकोचं म्हणणं शाळेने धर्माला हातच लावू नये, घरी आजी आहे, देऊळ आहे, पुरे. मला मात्र वाटतं की शिकवावा, पण सगळ्यांना सगळे धर्म, एकाच खोलीत. गोव्यात धर्म वगळून इतिहास तरी कसा कळणार? आम्ही दरवर्षी मंगेशीला जातो. तो देव मूळचा कुठ्ठाळीचा, 1560 च्या सुमारास भाविकांनी लपवून नदीपलीकडे प्रियोळला आणला कारण तेव्हा अंत्रुज महाल (म्हणजे आमचा फोंडा भाग) पोर्तुगीजांकडे नव्हता. शांतादुर्गा तशीच केळशीहून कवळ्याला आली. हे मुलांना कोण सांगतं? देवळातले भटजी सांगत नाहीत आणि शाळाही सांगत नाही.

तर प्रश्न असा की कायद्यात असं काही बसतं का, आणि बसत असेल तर शिकवणार कोण?

पणजी_कोर्टवाला

कायद्याचं सांगतो. घटनेचं कलम 28 बघा. जी शाळा पूर्णपणे सरकारी पैशावर चालते तिथे धार्मिक शिक्षण देताच येत नाही. तुमच्या मुलीची शाळा त्यात येत नाही, ती अनुदानित आहे, आणि अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क कलम 30 ने दिलाय. तिथे धर्मशिक्षण देता येतं, पण कुठल्याही मुलाला पालकाच्या संमतीशिवाय त्याला किंवा प्रार्थनेला बसवता येत नाही. म्हणजे दोन खोल्या करणं हे शाळेने कायदा पाळण्यासाठीच केलेलं असतं, भेदभाव म्हणून नव्हे, हे लक्षात घ्या.

आता तुम्ही म्हणता ते वेगळं आहे. धर्माची शिकवण देणं एक आणि धर्मांबद्दल माहिती देणं दुसरं. हा फरक कोठारी आयोगाने (1964-66) स्पष्ट केला होता. पुढे 1999 मध्ये आपल्या शंकरराव चव्हाणांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीनेही मुलांना सगळ्या धर्मांची मूलतत्त्वं सांगावीत अशी शिफारस केली, आणि त्यावर आधारलेल्या अभ्यासक्रमाला आव्हान दिलं गेलं तेव्हा सुप्रीम कोर्टाने 2002 मध्ये सांगितलं की धर्मांचा अभ्यास कलम 28 च्या आड येत नाही. त्यामुळे सरकारी शाळेतसुद्धा करता येईल, फक्त त्याचा पूजापाठ व्हायला नको.

पण तुमच्या मिसेसचं म्हणणंही हलक्यात घेऊ नका. घटना समितीत 1948 च्या डिसेंबरात यावर चर्चा झाली तेव्हा बाबासाहेबांनी जी कारणं दिली त्यातलं एक असं की धर्म पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाचा दावा की मोक्ष आमच्याच वाटेने मिळतो, मग एका शाळेत हे सगळं शिकवायला लागलात तर शांतता राहणार कशी. ही शंका आजही तितकीच खरी आहे.

सत्तरीचो_मास्तर

मी सरकारी मराठी प्राथमिक शाळेत नोकरी केली, आता रिटायर. कोर्टवाले साहेब म्हणतात सरकारी शाळेत धर्मशिक्षण नाही. पण आमच्या सगळ्या शाळांत नवरात्रात सरस्वतीपूजन होतं, पाटीवर सरस्वती काढतात, आरती, प्रसाद, रात्री मुलांचं नाटक, सगळा गाव येतो. त्याला कोणी धर्मशिक्षण म्हणत नाही, संस्कृती म्हणतात. वाळपईच्या बाजूला वर्गात मुसलमान मुलंही असतात. ती पोरं मखर सजवायला पुढे, नाटकात पुढे, आणि आरतीच्या वेळेला दाराशी उभी राहायची. मी कधी आत या म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही. त्यांना कसं वाटत असेल हे विचारायची त्या काळात पद्धतच नव्हती. म्हणून सांगतो, फक्त चर्चच्या शाळांकडे बोट दाखवू नका, आपल्या शाळेत धर्म आहेच, फक्त बहुसंख्यांचा असल्यामुळे तो आपल्याला दिसत नाही.

शिकवणार कोण म्हणालात, तर माझं मत वर्गशिक्षकाने शिकवावं, बाहेरचा महाराज, पाद्री, मौलवी कोणी आणू नये. बाहेरचा माणूस आला की तो आपल्या धर्माचं चांगलंच सांगणार, त्याचं कामच ते. मी चौथीच्या मुलांना शिरगावच्या लईराई देवीची आणि मिलाग्रिस सायबिणीची (म्हणजे चर्चमधल्या मेरी मातेची) गोष्ट सांगायचो. सात बहिणी, त्यातली एक म्हापशाला मिलाग्रिस झाली अशी लोकांची समजूत. शिरगावच्या जत्रेला होमकुंडातून धोंड (देवीचे व्रत केलेले भक्त) चालतात आणि म्हापशाच्या फेस्ताला (चर्चच्या उत्सवाला) हिंदू बाया तेल घेऊन सायबिणीकडे जातात. मुलांना यात काहीच विचित्र वाटत नाही, त्यांच्या घरातच हे चालतं. ही गोष्ट सांगितली की मुलं आपणहून विचारायला लागतात, मास्तर ती बहीण ख्रिश्चन का झाली? आणि तिथून मग धर्मांतराचा इतिहास सांगता येतो, रागाशिवाय.

शिवोलीची_टीचर

मी कॅथलिक आहे, शाळेत गणित शिकवते आणि रविवारी आमच्या चर्चमध्ये कॅटेकिझम घेते. मराठी प्राथमिकला शिकले म्हणून इथे वाचते. एक गोष्ट पालकांनी समजून घ्यावी, कॅटेकिझम म्हणजे येशूच्या गोष्टी नव्हेत. ती तयारी असते आमच्या चर्चमधल्या विधींची, पहिल्या कम्युनियनची, मग कन्फर्मेशनची. ती श्रद्धा आहे आणि ती दुसऱ्या धर्माच्या मुलांसमोर शिकवायची वस्तूच नाही. त्यामुळे अंत्रुजच्या भाऊंना मुलीने त्या वर्गात बसावं असं वाटत असेल तर मी नाही म्हणेन, तुमच्याही भल्यासाठी.

पण मला स्वतःला असं वाटतं, आणि हे मी आमच्या लोकांतही बोलते, की दोतोर्न रविवारी चर्चमध्येच असावी, तिथे शिकवणारी माणसं आहेत, वेळ आहे, आईबापही येतात. शाळेचा तो तास मग सगळ्या मुलांना एकत्र द्यावा. आमच्या ख्रिश्चन मुलांना महाशिवरात्र का करतात, रमझानचे रोजे म्हणजे काय, चवथीला माटोळी (गणपतीवर टांगलेली फळापानांची चौकट) का बांधतात हे येत नाही, फक्त शेजाऱ्याकडून नेवऱ्या येतात एवढं माहीत. आणि हिंदू मुलांना लेंट (ईस्टरआधीचा आमचा उपासाचा काळ) म्हणजे काय ते माहीत नाही, कार्निव्हल आला की मजा, आणि त्यानंतर चाळीस दिवस आम्ही काय करतो ते कुणी विचारत नाही.

मास्तर, इतिहासाचं मात्र अवघड आहे. इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय) 1560 ला सुरू झालं आणि 1812 पर्यंत चाललं, मध्ये थोडी वर्षं बंद होतं. हे शिकवायलाच हवं. पण वर्गातली दहा वर्षांची ख्रिश्चन पोर मान खाली घालून बसेल असं शिकवू नका. त्या पोरीच्या खापरपणज्यांवरच तर ते गुजरलं, धर्म बदललेल्या लोकांनी जुन्या चालीरीती सोडल्या नाहीत म्हणून त्यांनाच पकडायचे. हे तिलाही कळलं पाहिजे आणि बाकीच्यांनाही. आणि त्याच चर्चच्या पॅरिश शाळांत गावच्या पोरांना सोल्फेज (पाश्चात्य स्वर वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकवलं, ज्यातून गोव्याचं पुष्कळसं संगीत उभं राहिलं, तेही सांगा.

साधा_गोंयकार

माझा विरोध. कल्पना छान आहे पण करणार कोण? 2023 मध्ये वास्कोच्या बाजूला एका हायर सेकंडरीतल्या मुलांना मशीद बघायला नेलं, तर केवढा गदारोळ झाला आणि प्रिन्सिपलला निलंबित केलं. आता सांगा, कुठला मास्तर उद्या वर्गात इस्लामवर धडा घेईल? घेतलाच तर रात्री व्हॉट्सॲपवर त्याचा फोटो फिरेल. हे आपल्या गोव्यातलं, बाहेरचं नाही. त्यापेक्षा तो तास घटनेला द्या, नागरिकशास्त्राला द्या. धर्म घरी शिकू दे.

सांगेचो_अब्बा

साधा गोंयकार भाऊ, तुम्ही म्हणता ती भीती खरी आहे, त्या वेळी आम्ही पण घाबरलो होतो. पण घरी शिकू दे म्हणून प्रश्न सुटत नाही हो. माझी मुलं शाळेतून आल्यावर अरबी शिकायला जातात, आमचा धर्म ती शिकतातच, त्याची चिंता मला नाही. मला चिंता आहे ती त्यांच्या वर्गातल्या बाकीच्या मुलांना आमच्याबद्दल काय माहीत आहे त्याची. पुस्तकात आम्ही येतो ते स्वारी आणि लढाईत, नाहीतर ईदच्या शीरखुर्म्यात. मधलं काहीच नाही. जकात म्हणजे काय, नमाज पाच वेळा का, एवढं जरी पोरांना शाळेत कळलं तरी रस्त्यावर टोपी घातलेला माणूस बघून त्यांना वेगळं काही वाटणार नाही. घरी हे त्यांना कोण सांगणार? त्यांच्या घरी आमच्याबद्दल जे बोललं जातं तेच ते शिकणार. गोव्यात आम्ही 2011 च्या जनगणनेप्रमाणे शंभरातले आठ, त्यामुळे कित्येक मुलांचा वर्गात मुसलमान मित्रच नसतो.

साखळी_ते_स्विंडन

इथे इंग्लंडमध्ये आम्ही गोवेकर पुष्कळ आहोत म्हणून इथलं सांगतो. माझ्या भाच्याच्या शाळेत रिलिजस एज्युकेशन हा विषय आहे, गणित सायन्ससारखाच, आणि त्यात ख्रिश्चन, हिंदू, शीख, मुस्लिम, ज्यू सगळे येतात. साध्या सरकारी शाळांसाठी अभ्यासक्रम दिल्लीसारखा एका जागी ठरत नाही, प्रत्येक भागातल्या कौन्सिलने बोलावलेली समिती ठरवते, त्यात चर्चची माणसं, इतर धर्मांची माणसं, शिक्षक आणि कौन्सिलचे लोक असतात, आणि त्या सगळ्यांचं एकमत लागतं. पालकाला नको असेल तर मुलाला त्या तासातून काढता येतं. सगळं गोड नाहीये, शिकवणारे शिक्षक पुरे पडत नाहीत, आणि हिंदू धर्म म्हणजे फक्त दिवाळी आणि गणपती असं पण होतं. पण भाच्याला ज्यू लोकांचं सब्बाथ माहीत आहे आणि माझ्यासारख्या तीस वर्षं गोव्यात काढलेल्याला बाजूच्या घरातल्या लादाइन्हात (ख्रिश्चन घरांतली सामूहिक प्रार्थना) काय म्हणतात ते कधी कळलं नाही.

ती समितीची पद्धत मात्र गोव्यात चालू शकेल असं मला वाटतं. छोटं राज्य आहे, तालुक्यातालुक्यात वेगळं चित्र आहे, सासष्टीत जे शिकवायचं ते पेडण्यात तसंच्या तसं नको.

अंत्रुजचो_पालक

सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. टीचर, मुलीने कॅटेकिझमला बसावं असं माझं म्हणणं नाही, तुम्ही सांगितल्यावर तर ते अगदी स्पष्ट झालं. मला हवाय तो दुसरा तास, दोघी एका बाकावर बसतील असा. साधा गोंयकार यांचं निलंबनाचं उदाहरण बायकोला दाखवलं, ती म्हणाली बघ. पण अब्बांचं वाचून तीही गप्प झाली.

पालक शिक्षक सभेत आता हे मांडणार आहे. पूर्ण विषय मागणार नाही, फक्त व्हॅल्यू एज्युकेशनच्या तासातला महिन्यातून एक तास दोन्ही खोल्यांतल्या मुलांना एकत्र द्या, आणि त्यात गोव्यातलं एक ठिकाण घ्या, देऊळ, चर्च, मशीद कुठलंही, ते कसं झालं आणि लोक तिथे काय करतात. वर्गशिक्षकानेच घ्यायचं, मास्तर म्हणाले तसं. पालकांना आधी लेखी कळवायचं, म्हणजे शिक्षक एकटा पडणार नाही. मास्तर, तुमची लईराईची गोष्ट तुम्ही वर्गात कशी सांगायचात ते सविस्तर लिहाल का? छापून घेऊन जातो.

सत्तरीचो_मास्तर

लिहितो. दोन दिवस द्या, जुनी वही शोधावी लागेल. तोवर मुसलमान जागेबद्दल कुणाकडे चांगली माहिती असेल तर अब्बांनी द्यावी, फोंड्याच्या साफा मशिदीपासून सुरू करूया, ती तुमच्या मुलीला जवळ आहे, आणि तिच्या तळीच्या काठावर मुलांना बसवून बोलता येईल.