सल्ला हवा: आई गेलेल्या मित्राला 'कॅरी अँड लोवेल' हा अल्बम द्यावा का, आणि कोणत्या स्वरूपात?

सुरंगी (वेंगुर्ला)

नमस्कार. माझ्या अगदी जवळच्या एका मित्राची आई नुकतीच वारली. त्याला सुफ्यान स्टीव्हन्स या अमेरिकन गायक-गीतकाराचा २०१५ सालचा 'कॅरी अँड लोवेल' हा अल्बम द्यावा, असे माझ्या मनात आहे. मित्र स्वतः गिटार वाजवतो आणि इंडी रॉक (मोठ्या कंपन्यांबाहेरचे रॉक संगीत) मनापासून ऐकतो, परंतु हा अल्बम त्याच्या कानांवरून गेलेला नाही. अडचण अशी, की तो लहान असतानाच त्याची आई घर सोडून गेली होती. त्याला आजीने वाढवले, आणि आईची भेट व्हायची ती मे महिन्याच्या सुट्टीत, तीही मोजकी वर्षे. ज्यांनी अल्बम ऐकला आहे त्यांच्या लक्षात येईल, की गायकाने आपल्या दिवंगत आईवर केलेल्या त्या गाण्यांतलीही जवळजवळ हीच हकिकत आहे. म्हणूनच तो द्यावासा वाटतो, आणि म्हणूनच हात आखडतो.

बजेट दीड हजार रुपये आहे. मित्राकडे टर्नटेबल (तबकडी वाजवायचे यंत्र) नाही. सीडी वाजवणारी जुनी म्युझिक सिस्टिम आहे आणि ती व्यवस्थित चालते. द्यावा का, आणि द्यायचा तर कशा स्वरूपात, एवढेच विचारायचे आहे.

मांडवीकर (रत्नागिरी)

ताई, अवश्य द्या, आणि एलपीच, म्हणजे मोठी तबकडीच द्या. मुखपृष्ठावर गायकाची आई कॅरी आणि सावत्र वडील लोवेल यांचा जुना, रंग उडालेला फोटो आहे. तो बारा इंचांच्या आकारात हातात घेतल्यावर जे वाटते ते सीडीच्या चौकोनात वाटत नाही. माझ्याकडे ही तबकडी पहिल्या वर्षापासून आहे आणि आजही एक खरखर नाही. २०२५ साली दहा वर्षे पूर्ण झाल्याबद्दल जी आवृत्ती निघाली तिच्यात सात जादा ध्वनिमुद्रणे, चित्रांची पुस्तिका आणि गायकाचा नवा लेख आहे, त्यामुळे मी तीच सुचवेन. टर्नटेबल नसेल तर सुरुवातीला चालेल असे एखादे आठ-दहा हजारांत मिळून जाते, आणि चार मित्रांनी वर्गणी काढली तर ते कोणालाच जड जाणार नाही. आयुष्यभराची वस्तू होईल.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

मांडवीकर यांच्या उत्साहाचा आदर राखून सांगतो, की किनारपट्टीवर एलपी जपणे हे रोजचे काम आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या तळमजल्यावर पाणी शिरले, तेव्हा कपाटाच्या खालच्या खणातला माझा सगळा संग्रह बुडाला. पाणी ओसरल्यावर वेष्टने हातात लगद्यासारखी येत होती आणि तबकड्यांच्या मधली लेबले सुटून शेजारच्या तबकडीला चिकटली होती. गाळ वाळण्याआधी साध्या स्वच्छ पाण्याने, खाचांच्या दिशेने मऊ फडका फिरवून ज्या धुतल्या त्या तबकड्या वाजतात, मात्र चित्रे आणि गाण्यांचे शब्द कायमचे गेले. सीड्यांचेही कागद गेले, पण चकत्या बहुतेक सगळ्या शाबूत राहिल्या.

त्यामुळे मी डिजिटल प्रत सुचवतो. हा अल्बम बँडकँप या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळावर आहे, तेथे भेट म्हणून विकत घेण्याची सोय आहे, फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवणारी) फाइल उतरवून घेता येते आणि किंमत बजेटच्या खूप आत राहते. पुराच्या पाण्याने ती भिजत नाही.

मांडवीकर (रत्नागिरी)

चिपळूणचा पूर ही मोठी आपत्ती होती, परंतु तिच्यावरून वेंगुर्ल्याचा निर्णय करता येणार नाही. पावसाळ्यात बुरशी वेष्टनाला धरते, तबकडीलाही धरू शकते, पण त्यावर उपाय आहे. तबकड्या उभ्या ठेवाव्यात, भिंतीला टेकवू नयेत, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वरचेवर बदलाव्यात आणि ऊन पडले की कपाट उघडे टाकावे. एवढे केले तर काही होत नाही.

कातळ (राजापूर)

चर्चा स्वरूपावर घसरली आहे. पहिला प्रश्न 'द्यावा का' हा होता, आणि माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे.

समीक्षकांनी हा अल्बम डोक्यावर घेतला होता. पिचफोर्क या संगीत परीक्षणाच्या संकेतस्थळाने त्याला दहापैकी ९.३ गुण दिले, अनेक परीक्षणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकवर तो शंभरपैकी ९० पर्यंत पोहोचला, आणि अमेरिकेतल्या लोकप्रिय अल्बमांच्या बिलबोर्ड २०० यादीत त्याने पहिल्या दहांत जागा मिळवली. ढोलाचा ठोका जवळजवळ नसलेल्या, बोटांनी छेडलेल्या तारा आणि दबका आवाज एवढ्यावर उभ्या असलेल्या संगीताला हे यश मिळणे मोठीच गोष्ट आहे. परंतु परीक्षण लिहिणारा टेबलाशी बसून ऐकतो, आणि ज्याच्या घरातून माणूस गेले आहे तो वेगळ्या जागी बसून ऐकतो. कॅरी डिसेंबर २०१२ मध्ये पोटाच्या कर्करोगाने गेली आणि अखेरच्या दिवसांत सुफ्यान अतिदक्षता विभागात तिच्याजवळ होता. 'फोर्थ ऑफ जुलै' हे गाणे त्या मायलेकांचा संवाद आहे, आणि आपण सगळेच मरणार आहोत या अर्थाची ओळ त्याच्या शेवटी पुन्हा पुन्हा येते. माझे वडील गेल्यावर मी ते ऐकायला बसलो आणि अर्ध्यावर उठलो. शिवाय 'द ओन्ली थिंग' या गाण्यात जीव देण्याचे विचार उघडपणे येतात. एकटा राहणाऱ्या, रात्री झोप न लागणाऱ्या माणसाच्या हाती हे देऊ नये.

त्याच गायकाचा २००५ सालचा 'इलिनॉय' द्या. त्यात तंतुवाद्ये आहेत, पितळी वाद्ये आहेत, समूहस्वर आहेत, आणि गिटार वाजवणाऱ्याला शिकण्यासारखेही पुष्कळ आहे.

हर्णैबंदर (दापोली)

कातळ यांची काळजी रास्त आहे, पण त्यांचा निष्कर्ष मला पटत नाही.

आपल्या पाठ्यपुस्तकांतली आई आठवून पाहा. ती कष्ट करते, वाट पाहते, पोटाला चिमटा काढून मुलांना वाढते. त्या कविता मला आजही पाठ आहेत आणि त्या खऱ्याच आहेत. परंतु ज्याची आई त्याला सोडून गेली, त्याने ती वारल्यावर काय म्हणायचे, याचे शब्द आपल्याकडे सहज सापडत नाहीत. भेटायला येणारे लोक 'आई म्हणजे देव' असे म्हणून जातात आणि तो मान डोलावत बसतो. या अल्बममध्ये नेमकी तीच जागा भरलेली आहे. सुफ्यान एक वर्षाचा असताना कॅरी घर सोडून गेली. तिला नैराश्य, स्किझोफ्रेनिया आणि दारूचे व्यसन होते. लोवेल ब्रॅम्सशी तिचे लग्न पाचच वर्षे टिकले, आणि त्या काळातल्या उन्हाळी सुट्ट्यांत मुले ओरेगॉन राज्यातल्या यूजीन गावी त्यांच्याकडे जात असत. गाण्यांत आहे ते एवढेच: व्हिडिओच्या दुकानात मुलांना सोडून गेलेली आई, आणि पोहायला शिकवणारा माणूस, ज्याला या मुलाचे नाव उच्चारता येत नाही म्हणून तो त्याला 'सुबारू' म्हणतो. असे तपशील आठवत बसणे हाच ज्याचा शोक आहे, त्याला ही गाणी परकी वाटणार नाहीत.

तक्रारीचा सूर मात्र कोठेही नाही. पहिल्याच गाण्यात तो आईला क्षमा करतो. 'शुड हॅव नोन बेटर' हे गाणे अर्ध्यावर एकदम उजळते, आणि शेवटी भावाला झालेली मुलगी त्यात येते. कातळ अर्ध्यावर उठले हे मी समजू शकतो, परंतु हे गाणे त्यांनी शेवटपर्यंत ऐकावे अशी माझी त्यांना विनंती आहे.

माझा सल्ला असा, की आत्ता फक्त हे एकच गाणे त्याला पाठवावे आणि त्याने मागितला तरच पूर्ण अल्बम द्यावा.

गुहागरकर

वरच्या सर्वांशी सहमत आहे. किनारपट्टीवर एलपी जपणे कठीण, हे वाशिष्ठीकाठ यांनी सांगितलेच आहे. माझ्या सीड्या मुंबईच्या काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधल्या आहेत. ते दुकान २०१६ साली बंद झाले आणि तेव्हापासून हातात घेऊन, उलटसुलट पाहून विकत घेण्याचे सुख गेले. हल्ली एका ऑनलाइन दुकानातून मागवलेली सीडी आली ती डबीच्या बिजागऱ्या तुटलेल्या अवस्थेत, आणि बदलून द्यायला त्यांनी साफ नकार दिला. त्यामुळे मागवणार असाल तर उघडताना व्हिडिओ काढून ठेवा.

दुसरे असे, की हे इंडी रॉक नव्हे. २०१० च्या 'द एज ऑफ अ‍ॅड्झ' या इलेक्ट्रॉनिक अल्बमनंतर सुफ्यान पुन्हा लोकसंगीताच्या बाजाकडे वळला, हे त्या वेळी सगळ्यांनीच लिहिले होते. रॉक ऐकणाऱ्याला हे फार संथ वाटेल.

तिसरे, वर्षश्राद्ध होईपर्यंत थांबा. पहिले वर्ष माणसाला कशातच रस नसतो.

सुरंगी (वेंगुर्ला)

सर्वांचे आभार. बजेट दीड हजारच आहे, त्यामुळे एलपी आणि टर्नटेबल यांचा विचार करता येणार नाही. रॉक की लोकसंगीत, याने त्याला फरक पडणार नाही. मित्र एकटा नाही, आजीजवळ राहतो. त्या दहाव्या वर्षाच्या आवृत्तीतल्या लेखात गायक काय म्हणतो, हे कोणी सांगू शकेल का?

कातळ (राजापूर)

त्या निमित्ताने तो जे बोलला, त्याने माझे मत पक्के झाले. या अल्बमचा आता आपल्याला संकोच वाटतो, असे त्याने २०२५ साली मुलाखतीत सांगितले. आईचे आयुष्य आणि तिचा मृत्यू यांवर आपला अधिकार नव्हता, अशी त्याची भावना आहे. दहा वर्षे लोकांनी ज्या गाण्यांत सांत्वन शोधले, त्यांतून खुद्द गायकाला सांत्वन मिळाले नाही. मग आपण ती औषध म्हणून कोणाला कशी द्यावीत?

हर्णैबंदर (दापोली)

औषध म्हणून देऊच नयेत. कातळ यांनी सांगितलेली गोष्ट खरी आहे आणि मला ती या अल्बमच्या स्वीकारातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. लोकांनी त्याला पूर्ण झालेल्या शोकाची कलाकृती मानले, पण शोक तेव्हा चालूच होता. सुफ्यानकडे मसुद्यांचा ढीग साचला होता आणि त्यातून अल्बम कसा काढावा हे त्याला कळत नव्हते. स्वतःचा भाऊ गमावलेल्या थॉमस बार्टलेट या संगीतकार मित्राने ती ध्वनिमुद्रणे ऐकून निवड करायला मदत केली. काही भाग तर ओरेगॉनमधल्या हॉटेलच्या खोलीत आयफोनवर ध्वनिमुद्रित झालेला आहे. जो माणूस स्वतः गाणी करतो, त्याला हे कळले तर त्याची वहीही कदाचित उघडेल. माझे आधीचे मत तेवढे बदलतो: एक गाणे नको, द्यायचा तर पूर्ण द्या.

मांडवीकर (रत्नागिरी)

आणि पूर्ण द्यायचा तर एलपी. दोन बाजू असतात, मध्ये उठून तबकडी उलटावी लागते, आणि अशा अल्बमला तो थांबा आवश्यक आहे. बजेटचे पाहता येईल. माझा एक जादा टर्नटेबल पडून आहे. नवी सुई मी बसवून देतो आणि वेंगुर्ल्याकडे कोणी जाणारे असेल तर पाठवतो.

सुरंगी (वेंगुर्ला)

मांडवीकर दादा, आपल्या मोठ्या मनाबद्दल आभार, परंतु उपकाराचे ओझे त्याच्यावर आत्ता नको.

मी ठरवले आहे. मूळ अकरा गाण्यांची सीडी घेत आहे, आणि वर्षश्राद्धापर्यंत न थांबता लगेच देणार आहे. डिजिटल प्रत स्वस्त पडली असती हे मान्य आहे, पण फोनवर तो दहा निरोपांच्या मध्ये ऐकेल. त्याच्या घरातली म्युझिक सिस्टिम ओटीवर आहे आणि तेथे आजीही असते. 'इलिनॉय' त्याने कॉलेजातच पाठ केला आहे. सीडी सध्या १,३५० रुपयांना दिसते आहे आणि ती यायला तीन आठवडे लागणार आहेत. दहाव्या वर्षाची आवृत्ती घेणार नाही, कारण गायकाचा पश्चात्ताप मित्राने गाण्यांच्या आधी वाचू नये असे मला वाटते. 'द ओन्ली थिंग'बद्दल मात्र मी त्याला आधीच तोंडी सांगेन, आणि तो पहिल्यांदा ऐकेल तेव्हा तेथे थांबेन.

कातळ (राजापूर)

मला अजूनही हे घाईचे वाटते. पण निदान सांगून देणार आहात आणि सोबत थांबणार आहात, हे बरे. त्याने ऐकल्यावर त्याला एकटे सोडून लगेच निघू नका, आणि पुढचे काही दिवस फोन करत राहा.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

सीडी आली की आतली पुस्तिका बाहेर काढून प्लास्टिकच्या पिशवीत वेगळी ठेवायला सांगा. आपल्याकडे आर्द्रतेने चकचकीत कागद एकमेकांना चिकटतात आणि नंतर सोडवताना छपाई निघून येते. चकती पुसायची झाल्यास मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून पुसू नये. म्युझिक सिस्टिम बरेच दिवस बंद असेल तर पावसाळ्यात ती अधूनमधून थोडा वेळ चालू ठेवावी, म्हणजे लेन्सवर ओल धरत नाही.