मदत हवी आहे: जुन्या जीएमसी मोटरहोमच्या एअर बॅगचे नट किती आवळायचे?

नमस्कार मंडळी, १९७६ ची जीएमसी मोटरहोम (आत राहायची सोय असलेली गाडी) आहे, मागे प्रत्येक बाजूला दोन चाकांच्या मधे आडवी एअर बॅग (अपघातातली नव्हे, स्प्रिंगऐवजी गाडी तोलणारी हवेची रबरी पिशवी) असते ना, तीच सिस्टीम. नव्या बॅगा आणल्यात पण नट आवळायला घेतले आणि काम तिथेच अडलंय. टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराने आवळायचा पाना) आहे. पण बॅगेच्या स्टडवर (बॅगेतून बाहेर आलेल्या आट्यांच्या दांड्यावर) जास्त जोर पडला तर आटे जातात नाहीतर स्टडच आतल्या आत फिरायला लागतो म्हणजे नवीकोरी बॅग वाया, आणि कमी आवळला तर धक्क्यांनी ढिला होणार.

मॅन्युअलमधला आकडा कोरड्या आट्यांसाठी धरायचा का? कारण ऑइल किंवा अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावतात ती पेस्ट) लावलं की त्याच टॉर्कला स्टडवर ताण बराच जास्त येतो. आणि बॅगेत थोडी हवा भरून मग शेवटचं आवळायचं की पूर्ण रिकामी असताना? शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या रबर बुशचे बोल्ट गाडी नेहमीच्या उंचीवर आणूनच आवळणार, नाहीतर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. आत नायलॉनची रिंग असलेले लॉकनट सगळे नवे घेतलेत. चेसिसखाली स्टँड आहेत, नुसत्या हवेच्या भरवशावर गाडीखाली शिरणार नाही. ज्यांनी हे काम स्वतः केलंय त्यांनी प्लीज सांगा, आणि किती किलोमीटरनंतर परत टॉर्क चेक करता तेही.