शब्दचर्चा: ‘क्लस्टर’ला मराठीत काय म्हणावं?

पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांसाठी एक टिपण मराठीत लिहिते आहे. इंटरनेटवर कोण कोणाचा दुवा देतं, कोण कोणाला फॉलो करतं यावरून चित्रं काढतात आणि त्यांवरून लोकमत, माध्यमं, राजकारण यांचा अंदाज घेतात, तो विषय. दोन दिवस एकाच शब्दापाशी अडले आहे.

चित्र कसं तयार होतं ते आधी सांगते. एक ब्लॉग किंवा एक खातं म्हणजे एक ठिपका. दुवा म्हणजे दोन ठिपक्यांमधली रेघ. ठिपके एकमेकांना दूर ढकलतात, रेघा त्यांना स्प्रिंगसारख्या जवळ ओढतात, असं गणित संगणकाला घालून दिलेलं असतं. फ्रुख्टरमन आणि राइनगोल्ड यांनी १९९१ मध्ये मांडलेली रीत आजही बरीच वापरात आहे. ही ओढाताण थांबली की ज्यांचं आपापसांत येणंजाणं जास्त, ते ठिपके एका जागी गोळा झालेले दिसतात. या गोळ्याला इंग्रजीत क्लस्टर म्हणतात, कधी कम्युनिटी.

खर्ड्यात मी ‘समुदाय’ लिहिलंय आणि तो मला खटकतोय. आपल्याकडे समाज, समुदाय म्हटलं की आधी जात नाहीतर धर्म आठवतो. वधूवर मेळाव्याच्या फलकावर ‘समस्त अमुक समाज’ असं असतं ना, तसं. त्या समाजात माणूस जन्माला येतो. इथे ठिपक्याला त्याची जागा वागण्यामुळे मिळते, आणि आपण कोणत्या गोळ्यात आहोत याचा बहुतेकांना पत्ताही नसतो. दुसरा शब्द सुचवा.

प्रतिसाद: ‘गट’ लिहा. सोपा आहे, सगळ्यांना कळतो.

प्रतिसाद: गटाला आपल्याकडे नेता लागतो. अमक्याचा गट, तमक्याचा गट. शिवाय गटाच्या मागोमाग तट येतातच. माझं मत ‘कंपू’ला. मुळात हा लष्करी शब्द. महादजी शिंद्यांसाठी डी बॉयनने ज्या कवायती पलटणी उभारल्या, त्यांना कंपू म्हणत. आज कंपू म्हटलं की आपापसांत पाठ थोपटणारी, बाहेरच्याला आत न घेणारी मंडळी डोळ्यांसमोर येतात. राजकीय चर्चेतलं चित्र नेमकं तसंच असतं की.

धागालेखिका: कंपू मोहात पाडतो खरा, पण त्यात निकाल आधीच लागून गेलेला आहे. दोन उदाहरणं देते.

अमेरिकेत २००४ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी लाडा अ‍ॅडमिक आणि नॅटली ग्लान्स यांनी जवळपास दीड हजार राजकीय ब्लॉग तपासले. त्यांचं निळ्या-लाल ठिपक्यांचं चित्र प्रसिद्ध आहे: एका अंगाला उदारमतवादी, दुसऱ्या अंगाला पुराणमतवादी. ९१ टक्के दुवे आपापल्याच बाजूला राहिले होते. इथे कंपू शोभेल असं वाटतं. पण जे दुवे पलीकडे गेले ते सगळे मैत्रीचे होते असं थोडंच आहे? समोरच्याला खोडून काढायलाही त्याचा दुवा द्यावा लागतो. रेघेला सूर नसतो. संबंध आहे एवढंच ती सांगते.

दुसरं उदाहरण इराणचं, आणि माझी खरी अडचण तिथे आहे. २००८ मध्ये हार्वर्डच्या बर्कमन केंद्रातर्फे जॉन केली आणि ब्रूस एटलिंग यांनी फारसी ब्लॉगविश्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. नेमाने लिहिले जाणारे ब्लॉग साधारण ६०,००० असावेत, असा त्यांचा अंदाज होता. सरकारविरोधी तरुण एवढेच काय ते लिहीत असणार, अशी बाहेरच्या जगाची समजूत. चित्रात मात्र चार मोठे भाग निघाले. एक धर्मनिरपेक्ष आणि सुधारणावादी लोकांचा, दुसरा धार्मिक-पुराणमतवाद्यांचा, चौथा सरमिसळीचा. आणि तिसरा? फारसी कवितेचा! राजकारण शोधायला गेलेल्या माणसांना कवितेचा अख्खा प्रांत सापडला. आणखी एक गोष्ट उलटी निघाली: नाव लपवून लिहिण्याचं प्रमाण सुधारणावाद्यांपेक्षा धार्मिक भागात जास्त होतं.

गोळे संगणक करतो, पण त्यांना नावं माणसंच देतात. त्यासाठी फारसी जाणणाऱ्यांनी ते ब्लॉग बसून वाचले. आधीच ‘सरकारी कंपू’ आणि ‘विरोधी कंपू’ असे दोन शब्द घेऊन बसले असते, तर कवितेवाले कुठे टाकले असते? म्हणून मला असा शब्द हवाय जो आत काय आहे ते पाहण्याआधी काहीच बोलत नाही.

प्रतिसाद: मग ‘पुंजका’ घ्या. आकाशदर्शनाला येणाऱ्या मुलांना आम्ही तारकापुंज किंवा पुंजका असंच सांगतो. एक सावधगिरी मात्र ठेवा. कृत्तिका हा खरा पुंज आहे, ते तारे एकत्र जन्मलेले आणि गुरुत्वाकर्षणाने बांधलेले. मृगाचे तारेही आपल्याला शेजारी-शेजारी दिसतात, पण त्यांची आपल्यापासूनची अंतरं निरनिराळी आहेत. तुमच्या चित्रातही कडेला पडलेले दोन ठिपके नुसते जवळ दिसत असतील, त्यांच्यात एकही रेघ नसेल. विद्यार्थ्यांना सांगा, अंतर पाहू नका, रेघा मोजा.

धागालेखिका: पुंजका आवडला. हा कृत्तिका-मृगाचा दाखला टिपणात घेते, चालेल ना?

प्रतिसाद: खुशाल घ्या.

प्रतिसाद: मी गोव्याचा. पुंजक्याबद्दल तक्रार नाही, पण तुमच्या पहिल्याच परिच्छेदातल्या ‘लोकमत’ शब्दाबद्दल आहे. मराठीत ‘मत’ म्हणजे विचारही आणि मतपेटीत पडतं तेही, त्यामुळे घोळ होतो. आमच्याकडे १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की संघप्रदेश राहायचं, एवढाच प्रश्न. विलीनीकरणाला १,३८,१७० मतं, संघप्रदेशाला १,७२,१९१. फरक ३४,०२१. घरात त्या दिवसाबद्दल ऐकत मोठा झालो, त्यामुळे आकडे पाठ आहेत. त्या मोजणीत सभेत गर्जणारा एक आणि आयुष्यात कधी जाहीर न बोललेली म्हातारी एक, दोघांचं वजन सारखं. तुमच्या चित्रात ती म्हातारी ठिपकासुद्धा नाही. देवळात कौल लावतात तेव्हा पाकळी उजवीकडे पडली की डावीकडे, ते स्पष्ट दिसतं. ठिपक्यांच्या चित्राला कोणी ‘जनतेचा कौल’ म्हटलं, तर मी भांडेन.

‘नकाशा’ चालेल, कारण नकाशा आणि नक्षी एकाच अरबी मुळातले. या चित्राला उत्तर दिशा नसते, कसंही फिरवा, तेच राहतं. म्हणजे नक्षीच्याच जवळचं.

धागालेखिका: तुमचं पटलं, आणि चूक माझी होती. ‘लोकमताचा नकाशा’ हे उपशीर्षक खोडून ‘दुव्यांचा नकाशा’ केलं. लोकमत त्याच्याआड कुठेतरी असतं, ते पाहायला आत जाऊन वाचावं लागतं.

चित्रावर बोलताना ‘पुंजका’ ठेवते. पण त्यातल्या माणसांबद्दल लिहिताना ‘पुंजक्यातले लोक’ कानाला बरं लागत नाही. तिथे ‘वर्तुळ’ सुचलंय. वर्तमानपत्रं किती वर्षं ‘राजकीय वर्तुळात चर्चा आहे’ असं छापत आली आहेत. वर्तुळाला सभासदत्व नसतं, नेता नसतो, जन्माची अट नसते. एकमेकांचं कानावर पडत असलं की झालं. एक माणूस दोन वर्तुळांतही असू शकतो.

त्यावरून शेवटचं विचारते. दोन पुंजक्यांच्या मधोमध जो एखादा ठिपका असतो, ज्याच्यामार्फत इकडची बातमी तिकडे जाते, त्याला काय म्हणू? ‘दुवा’ शब्द लिंकसाठी वापरून झालाय. ‘पूल’ लिहिलं तर माणूस वाटत नाही. ‘मध्यस्थ’ म्हटलं तर त्याने मुद्दाम काही केलं असं वाटतं.

प्रतिसाद: ‘सांधा’. माझे वडील रेल्वेत होते. गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाते त्या जागेला सांधा म्हणतात, आणि ते काम करणारा सांधेवाला.

धागालेखिका: सांधा जागेसाठी, सांधेवाला माणसासाठी. घेतले दोन्ही.